दीनबंधू अँड्र्यूज आणि फिजीचं गिरमिट

चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज हे नाव आपण शाळेत गांधीजींचे इंग्रज मित्र म्हणून एकदा वाचतो आणि विसरून जातो. फिजीतल्या भारतीयांविषयी वाचताना मला ते पुन्हा भेटले. त्यांची खरी ओळख तिथूनच करून द्यावी असं मला वाटतं.

जन्म १८७१ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. केंब्रिजला शिकून अँग्लिकन पाद्री झाले आणि १९०४ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. तिथलं प्राचार्यपद त्यांना मिळू शकत होतं. त्यांनी ते सुशीलकुमार रुद्र यांना मिळावं म्हणून आग्रह धरला, आणि १९०६ मध्ये एक भारतीय ख्रिस्ती माणूस त्या खुर्चीवर बसला. आपल्यासारख्या मिशनच्या कॉलेजात शिकणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आता फिजी. पॅसिफिकमधली ही बेटं १८७४ मध्ये इंग्रजांकडे गेली. मूळ फिजीयन लोकांची गावं मोडू नयेत म्हणून गव्हर्नर गॉर्डनने उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर आणले. पहिलं जहाज, लिओनिडास, १८७९ मध्ये पोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची, नंतर मद्रासकडचीही. पाच वर्षांचा करार, म्हणजे अ‍ॅग्रिमेंट; मजुरांच्या तोंडी त्याचं झालं गिरमिट. बेळगावात गिरमिट म्हटलं की चुरमुरे, कांदा आणि शेव आठवते! तिकडे मात्र हा शब्द उच्चारताना म्हाताऱ्यांचा आवाज बदलायचा. काम चुकलं तर फौजदारी खटला, दंड, नाहीतर तुरुंग.

गोखल्यांनी १९१२ मध्ये कायदे मंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांपुढे तो पडला. पुढच्याच वर्षाअखेर गोखल्यांच्या सांगण्यावरून अँड्र्यूज मित्र विल्यम पिअर्सनबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाले. डर्बनच्या धक्क्यावर ते गांधीजींच्या पाया पडले, तेव्हा तिथले गोरे लोक खवळले. नाताळमध्ये मार खाल्लेला एक मजूर त्यांना पाहून भीतीनं मागे सरला. का, तर हे गोरे. हा चेहरा त्यांचा पिच्छा सोडेना. १९१५ मध्ये कॉलऱ्यातून उठून सिमल्यात पडले असताना तोच चेहरा त्यांना दिसला, आणि पाहता पाहता तो ख्रिस्ताचा झाला. त्याच वर्षी ते आणि पिअर्सन फिजीला गेले.

तिथे त्यांनी मजुरांच्या चाळी, म्हणजे 'लाइनी', फिरून पाहिल्या. दहा फूट बाय सात फुटांची खोली. त्यात तीन एकटे पुरुष, नाहीतर नवरा-बायको-पोरं. शंभर पुरुषांमागे चाळीसच बायका. आत्महत्यांचं प्रमाण तर भारतातल्यापेक्षा कितीतरी पट. हे सगळं १९१६ च्या अहवालात आलं.

एक गोष्ट मला खटकते. अहवालात मजूर बायकांच्या चारित्र्याची चर्चा फार, मजुरीची त्या मानानं कमी. एका पाद्र्याची नजर आणि त्या काळच्या सुशिक्षितांची अब्रूची कल्पना, दोन्ही त्यात आहेत. शिवाय अँड्र्यूज पहिले नव्हते. ओव्हरसियरच्या तावडीतून सुटायला नदीत उडी घेणाऱ्या कुंतीची हकीकत १९१३ मध्येच भारतातल्या वर्तमानपत्रात छापून आली होती. स्वतः गिरमिट भोगलेल्या तोताराम सनाढ्यांचं पुस्तकही अहवालाच्या आधीचं. बडोद्यात जन्मलेले वकील मणिलाल डॉक्टर १९१२ पासून तिथे मजुरांचे खटले चालवत होते. पण सरकार त्यांचं ऐकून घेत नव्हतं. इंग्रज पाद्र्यानं तेच लिहिल्यावर मात्र टाळता येईना.

तरी सरकारनं टाळून पाहिलंच! १९१६ च्या मार्चमध्ये तत्त्व मान्य केलं, पण भरती आणखी काही वर्षं चालू ठेवायचा बेत होता. हे कळल्यावर अँड्र्यूज गावोगाव सभा घेत सुटले. १९१७ च्या मार्चमध्ये भरती थांबली. ते लगेच पुन्हा फिजीला गेले, कारण आधी गेलेल्यांचे करार अजून चालूच होते. १ जानेवारी १९२० ला उरलेले करारही रद्द झाले.

निम्म्याहून जास्त लोक परतले नाहीत. फिजीयन कुळांच्या जमिनी खंडानं घेऊन ऊस लावत राहिले. १९३६ मध्ये अँड्र्यूज त्यांना भेटायला तिसऱ्यांदा गेले. १९१४ मध्ये सोडलेलं पाद्रीपणाचं काम त्यांनी त्याच वर्षी पुन्हा हाती घेतलं. ५ एप्रिल १९४० ला कलकत्त्यात ते वारले.