गोपाळ मंदिर उभारणाऱ्या बायजाबाई शिंदे



श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी आपण सगळेच पाहतो. पालखी राम घाटावर येते, क्षिप्रेच्या जलाने पूजन होते आणि परतीच्या वाटेवर ती छत्री चौकात गोपाळ मंदिरासमोर थांबते. हे मंदिर ज्यांनी बांधविले, त्या बायजाबाई शिंदे यांची आज ओळख करून घेऊ.

बायजाबाईंचा जन्म १७८४ साली कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंदे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घोडेस्वारीत त्या निपुण होत्या. १८२७ साली दौलतराव वारले. पुत्र नव्हता, म्हणून जनकोजीरावांना दत्तक घेऊन बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार स्वतः सांभाळला. १८२८ मध्ये त्यांनी काशीला ज्ञानवापी विहिरीवर खांबांचा सुंदर मंडप बांधविला.

पुढे दत्तक पुत्राशी बिनसले आणि १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. सत्ता गेली, गाव सुटले. पण मान खाली गेली नाही. १८३५ मध्ये फतेहगडला त्यांना भेटलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासी बाईने त्यांच्या रुबाबाचे कौतुक लिहून ठेवले आहे.

१८४७ नंतर काही वर्षे त्यांचा मुक्काम आपल्या उज्जैनला होता. गोपाळ मंदिर हे त्यांचे इथले मोठे काम. पांढऱ्या संगमरवराचे शिखर, चांदीने मढविलेली दारे आणि गाभाऱ्यात गोपाळकृष्णाची चांदीची मूर्ती. भक्तीतूनच ही कला घडली.

या मंदिराने शहराला एक देखणा सोहळाही दिला. वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री महाकालाची पालखी इथे येते. हराकडून हरीला बेल आणि हरीकडून हराला तुळस अर्पण होते. चातुर्मासात शंकराने सांभाळलेला सृष्टीचा भार त्या रात्री विष्णूकडे परत जातो, अशी श्रद्धा आहे. देवसुद्धा अधिकार आनंदाने सोपवतात, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

१८६३ साली बायजाबाई ग्वाल्हेरला निवर्तल्या. त्यांची सत्ता सहाच वर्षे टिकली, मंदिर मात्र आजही गजबजलेले आहे.

पालकांना विनंती, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन राम घाटापासून गोपाळ मंदिरापर्यंत पायी जावे. आणि मुलांनो, दर्शन झाले की लगेच वळू नका. ती दारे जरा निरखून पाहा.

— मुख्याध्यापक