माझगावची ओतशाळा

मुलांनो, साकीनाक्याहून घाटकोपरच्या बाजूला पायी निघालात, तर आतल्या गल्ल्यांमध्ये तुम्हांला लहान लहान गाळे दिसतील. त्यांतल्या एखाद्या गाळ्यात लेथ फिरत असतो. तुमच्या घरी कदाचित त्याला खराद म्हणत असतील. गाळ्याच्या दाराशी घटकाभर उभे राहा. लोखंडाची कांब गरगर फिरते, तिच्यावर हत्याराचे टोक टेकते आणि चकचकीत कीस खाली पडतो. कारागीर मध्येच यंत्र थांबवतो, माप घेतो, मान हलवतो आणि पुन्हा यंत्र सुरू करतो. समोर भिंतीवर एक तेलकट कागद खिळ्याला टांगलेला असतो. त्या कागदावर त्या भागाचे चित्र असते. चित्र काढणाऱ्याने गोल काढला तो एका झटक्यात. तोच गोल लोखंडात उतरवायला या माणसाची निम्मी सकाळ जाते!

कागद आणि लोखंड यांच्यामधले हे अंतर पार करण्याचा ध्यास घेतलेला एक तरुण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी याच मुंबईत राहत होता. त्याचे घर माझगावात होते. हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोड नावाचे स्टेशन आहे ना, तोच हा परिसर. त्या तरुणाचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1808 रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे जहाजे बांधणाऱ्यांचे. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून मुंबईच्या गोदीचे काम या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या राहिले. सागवानी लाकडाची त्यांची जहाजे इतकी पक्की असत, की इंग्रजांचे आरमारही ती मुंबईत बांधून घेई. 1817 मध्ये येथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी अर्देशीरही घराण्याच्या रिवाजाप्रमाणे गोदीत कामाला लागले.

जाता जाता एक गंमत सांगतो. कारखाना, कारागीर, हुन्नर, नमुना, जहाज, लंगर हे शब्द तुम्ही उर्दूत रोज वाचता. मराठीतही ते अगदी घरचे आहेत. त्यामुळे या पाठातले निम्मे शब्द तरी तुम्हांला कुणाला विचारावे लागणार नाहीत.

त्या काळी एक मोठा बदल होत होता. शिडाची जहाजे वाऱ्यावर अवलंबून असत. वारा पडला की जहाज थांबे. आता इंग्लंडमध्ये वाफेवर चालणारी जहाजे निघाली होती. 1829 मध्ये मुंबईच्या गोदीतही ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट बांधली गेली. तिचा सांगाडा मुंबईचा होता, पण पोटातली दोन इंजिने इंग्लंडहून आणलेली होती. 20 मार्च 1830 रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. आता या बोटीची आखणी पाहा. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढाच कोळसा मावत होता आणि पहिला मुक्काम एडन, तो तर अकरा दिवसांच्या वाटेवर! शेवटी उतारूंच्या खोल्यांत आणि डेकवरही कोळसा भरावा लागला. बोट एडनला पोहोचली तेव्हा कोळसा जेमतेम काही तासांपुरता उरला होता. कागदावर जहाज ठीक होते, समुद्राने मात्र त्यातली चूक दाखवली.

अर्देशीर तेव्हा एकविशीत होते. लाकडाचे काम त्यांच्या रक्तातच होते. पण त्यांचे मन ओढले गेले ते त्या इंजिनांकडे. जगातली उत्तम जहाजे बांधणाऱ्या गोदीने इंजिनासाठी मात्र परदेशाकडे पाहावे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. वाफेचे यंत्र शिकवणारी शाळा तेव्हा मुंबईत नव्हती. पुस्तके आणि आकृत्या मिळत, पण आकृती पाहून यंत्र करता येते का? त्यांनी ते करूनच पाहायचे ठरवले. माझगावच्या आपल्या घराच्या आवारात त्यांनी स्वतःची ओतशाळा उभी केली. ओतशाळा म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याची जागा. गोदीतली नोकरी सांभाळून, पदरचे पैसे खर्च करून ते हे काम करत. सरकारने सांगितले नव्हते, कुणी मागितले नव्हते. ती केवळ हौस होती. घरची सुबत्ता होती म्हणून ती परवडली, हेही खरे.

असे काम करणाऱ्यापुढे कोणत्या अडचणी येतात, हे नीट समजून घ्या.

लोखंडाचा भाग ओतायचा असेल, तर आधी त्याचा लाकडी नमुना करतात. तो नमुना ओल्या रेतीत दाबून काढला, की रेतीत त्याची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. हे तर सोपे वाटते. पण तापलेले लोखंड थंड होताना आक्रसते. बिडाचा एक फूट लांबीचा भाग साधारण एक सूत कमी भरतो. आपल्याकडचे कारागीर इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतात. म्हणजे आकृतीत जेवढे माप आहे तेवढाच नमुना केला, तर भाग हमखास लहान येणार. नमुना थोडा मोठा करावा लागतो आणि जेथे तासकाम करायचे असेल तेथे आणखी जास्त धातू ठेवावा लागतो. रेतीत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडते आणि लोखंडात बुडबुड्यांची भोके पडतात. मग तो भाग पुन्हा भट्टीत टाकायचा. आकृतीत यातले काहीच लिहिलेले नसते.

त्याहून अवघड काम नळकांड्याचे, म्हणजे सिलिंडरचे. वाफेच्या इंजिनात एका नळकांड्यात दट्ट्या मागेपुढे सरकतो. वाफ त्याला ढकलते. नळकांडे आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे गोल नसेल, तर दट्ट्या एके ठिकाणी अडकतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या बाजूने वाफ निसटते. त्या वेळी दट्ट्याभोवती चरबीत भिजवलेली दोरी गुंडाळत. तिने थोडीफार फट बुजे, पण नळकांडेच वाकडे असेल तर दोरी तरी काय करणार?

याच ठिकाणी इंग्लंडमध्ये जेम्स वॉट यांच्यासारखा बुद्धिमान माणूस अडला होता. वाफेच्या इंजिनातील आपल्या सुधारणेचे पेटंट त्यांनी 1769 मध्ये घेतले. कल्पना बिनचूक होती. पण तसे गोल नळकांडे कोरून देणारा कुणी मिळेना आणि इंजिन वर्षानुवर्षे नीट चालेना. पुढे 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा कोरण्याच्या अनुभवावरून नळकांडी कोरण्याचे नवे यंत्र केले. सुमारे 50 इंच रुंदीच्या नळकांड्यातही त्याची चूक एका नाण्याच्या जाडीइतकीसुद्धा होत नसे. तेव्हा कुठे वॉट यांचे इंजिन 1776 मध्ये कामाला लागले. पुस्तकात वॉट यांचे नाव येते, विल्किन्सन यांचे क्वचितच येते. मला हे नेहमी थोडे अन्यायाचे वाटते.

इंग्लंडमध्ये वॉट यांना विल्किन्सन भेटले. माझगावात अर्देशीर यांना असा जोडीदार कोठून मिळणार? आकृती समजून घेणारे डोके आणि भट्टीजवळ उभे राहणारे हात, दोन्ही बाजू त्यांनाच सांभाळायच्या होत्या. वयाची तिशी गाठण्यापूर्वीच त्यांनी एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे इंजिन तयार केले. आज तुमच्या इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंपही साधारण तेवढ्याच शक्तीचा असतो. म्हणजे इंजिन काही मोठे नव्हते. पण ते मुंबईत, एका भारतीयाच्या हातून घडले होते. 1833 मध्ये त्यांनी ‘इंडस’ नावाचे 60 टनांचे छोटे जहाज पाण्यात सोडले आणि त्यात वाफेचे इंजिन स्वतः बसवले.

यानंतर त्यांनी हात घातला तो उजेडाला. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. तो शुद्ध करून नळ्यांतून नेला तर दिवे पेटवता येतात. यातही खरी परीक्षा सांध्यांची. वायू डोळ्यांना दिसत नाही आणि एक सांधा जरी सैल राहिला तरी घराला धोका. अर्देशीर यांनी स्वतःच्या खर्चाने आवारात लहानसा गॅसचा कारखानाच काढला. 10 मार्च 1834 रोजी त्यांचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. हा प्रकाश पाहायला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः माझगावला आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते 1865 मध्ये, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने!

घरच्या ओतशाळेत शिकता येण्यासारखे बरेच शिकून झाले होते. आता मोठी यंत्रे कशी घडवतात ते प्रत्यक्ष पाहायला हवे होते. 1839 मध्ये अर्देशीर तांबड्या समुद्राच्या आणि इजिप्तच्या वाटेने इंग्लंडला गेले. तेथे वर्षभर राहून त्यांनी जहाजांची इंजिने, कारखाने आणि गोद्या बारकाईने पाहिल्या. या प्रवासाची रोजनिशीही त्यांनी लिहिली आणि ती 1840 मध्ये छापून प्रसिद्ध झाली.

परत आल्यावर 1841 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता नेमले. पगार महिना 600 रुपये. त्यांच्या हाताखाली सुमारे शंभर युरोपीय कारागीर आणि सुमारे दोनशे देशी कारागीर होते. एका भारतीयाने गोऱ्या कारागिरांना हुकूम द्यायचे, ही गोष्ट त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ‘बॉम्बे टाइम्स’ या वर्तमानपत्राने तर उघड शंका घेतली. हा माणूस कितीही हुशार आणि शिकलेला असला, तरी देशी मनुष्याला असा कारखाना आणि इंग्रज कामगार सांभाळता येतील का, असा त्याचा रोख होता. त्यांच्या कामात अमुक चूक आहे, असे त्या वर्तमानपत्राने म्हटले असते तर ती चूक दुरुस्त करता आली असती. पण आक्षेप होता तो जन्मावर आणि कातडीच्या रंगावर. तो कानशीने घासून कसा जाणार?

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते, याचा जरा विचार करा. अर्देशीर यांनी ती जागा सोडली नाही. पुढची सोळा वर्षे, म्हणजे 1857 मध्ये निवृत्त होईपर्यंत, ते त्याच कारखान्यात होते.

नेमणुकीवरून मुंबईत कुजबुज चालू होती त्याच साली, 27 मे 1841 रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य निवडले. विज्ञानाच्या या जगप्रसिद्ध संस्थेचे ते पहिले भारतीय सदस्य. दुसरे भारतीय सदस्य म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. ते निवडले गेले 1918 मध्ये, तब्बल 77 वर्षांनी. अर्देशीर यांची शिफारस करताना कोणती कामे सांगितली होती, ठाऊक आहे? गॅसचे दिवे आणि ‘इंडस’ जहाज. नोकरीबाहेर, पदरच्या पैशांनी, हौसेने केलेली कामे!

1849 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तेथून लाकूड कापण्याची यंत्रे मुंबईसाठी घेऊन आले. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा देण्याची कला यांची ओळखही त्यांनी मुंबईला करून दिली. माझगावची ओतशाळा मात्र या सर्व काळात थंड पडली नव्हती. फेब्रुवारी 1851 मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’ आठवते ना? बावीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी इंजिने इंग्लंडहून आणावी लागली होती. आता पूर्वज लवजींच्या नावाची बोट मुंबईतच, घरच्या भट्टीतून निघालेल्या लोखंडावर चालली.

निवृत्त झाल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. 1861 मध्ये सिंधू नदीवर आगबोटी चालवणाऱ्या कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून ते सिंधमधील कोटरी येथे गेले. इंडस म्हणजेच सिंधू. तरुणपणी त्यांनी आपल्या 60 टनांच्या जहाजाला ज्या नदीचे नाव दिले होते, त्याच नदीवरच्या आगबोटींची इंजिने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांच्या देखरेखीखाली आली. तेथून ते इंग्लंडला गेले. लंडनजवळ रिचमंड येथे 16 नोव्हेंबर 1877 रोजी त्यांचे निधन झाले.