तंबूतला हिरो, दादरचा हट्टी निर्माता : दादा कोंडके

कोयनानगर : हेळवाक, पाटण, जावळीच्या खोऱ्यातल्या एका पिढीने पोटासाठी मुंबईची गिरणी गाठली. बाप्ये लालबाग-परळला, बायका-पोरं गावाकडं, आणि महिन्याला एक मनीऑर्डर. त्याच गिरणगावात, नायगावला, ८ ऑगस्ट १९३२ रोजी एक पोरगं जन्मलं. गोकुळाष्टमीच्या सुमारास जन्मलं म्हणून नाव ठेवलं कृष्णा. हेच पुढं महाराष्ट्राचे दादा कोंडके. मूळ गाव भोर तालुक्यातलं इंगवली, म्हणजे आपल्या वाई-खंडाळ्याला लागूनच.

घरचे लोक बॉम्बे डाईंग गिरणीत कामाला, शिवाय किराणा दुकान. कृष्णा मात्र पहिल्यापासून वांड. मारामाऱ्या, गल्लीतली भांडणं यात तो पुढं. मग एका वर्षाच्या आत घरातली जवळची बरीच माणसं एकापाठोपाठ एक गेली. पोरगं गप्प झालं, एकटं पडलं. लोकांना हसवायचं वेड त्यानंतरच लागलं. वरवर उलटं वाटतं, पण गावोगावचे सोंगाडे बघितले तर अशी माणसं बरीच सापडतील.

पोटासाठी अपना बाजारच्या दुकानात नोकरी, आणि संध्याकाळी बँड पथक. पुढं सेवा दलाच्या कलापथकात शाहिरी, नकला, वगनाट्य सुरू झालं. तिथंच वसंत सबनीस या लेखकाची ओळख झाली. दादांनी स्वतःची मंडळी जमवली आणि सबनिसांकडं लोकनाट्य मागितलं. १९६५ च्या सुमारास ‘विच्छा माझी पुरी करा’ उभं राहिलं. राजा, प्रधान, कोतवाल आणि मैनावती, सगळा मसाला तमाशाचा. पण संहितेवर थांबतील ते दादा कसले ! ज्या गावात प्रयोग, तिथली खबर, आणि राज्यकर्त्यांना चिमटे. काल जे बोलले ते आज नाही. त्यामुळं लोक परत परत यायचे. प्रयोग पंधराशेच्या पुढं गेले.

आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहिला आणि दादांचं नाव भालजी पेंढारकरांच्या कानावर घातलं. १९६९ ला भालजींच्या ‘तांबडी माती’त दादा पहिल्यांदा पडद्यावर आले. दुसऱ्याच्या सिनेमात काम मिळवत बसण्यापेक्षा आपलाच सिनेमा काढायचा, हे त्यांनी लगेच ठरवलं.

१९७१ चा ‘सोंगाड्या’ हा तो सिनेमा. निर्माते दादा, कथा सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं, संगीत राम कदम यांचं. सोबत उषा चव्हाण, निळू फुले. आणि आयेच्या भूमिकेत रत्नमाला. ढगळी हाफ पँट, खाली लोंबणारी नाडी, भोळा चेहरा. असा हिरो मराठी पडद्याने पाहिला नव्हता. त्या वेळचे हिरो दिसायला देखणे, बोलायला शुद्ध. नाम्या मात्र आपल्या बांधावरचा गडी होता. आईचा धाक आणि तमाशाचं वेड, यात अडकलेला.

पण सिनेमा तयार झाला म्हणून थेटर मिळतं असं नाही. दादरच्या कोहिनूर थेटरात ‘सोंगाड्या’ लागायचा, तर तिथं देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ आडवा आला. हिंदी मोठा, मराठी धाकटा, हा तेव्हाचा व्यवहार. एकट्या निर्मात्याच्या मागं ना मोठी कंपनी, ना बडा वितरक. सगळा पैसा रिळांत अडकलेला. थेटर गेलं असतं तर दादा तिथंच संपले असते. ते बाळासाहेब ठाकरेंकडं गेले. शिवसैनिक कोहिनूरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. मग रौप्यमहोत्सवही झाला. शिवसेनेशी दादांचं नातं तेव्हापासून, पुढं प्रचारसभाही त्यांनी गाजवल्या. सिनेमा चांगला होता हे खरं, पण थेटराचं दार ढकलायला माणसं लागली हेही तेवढंच खरं.

त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’. १९७५ ला ‘पांडू हवालदार’ आला आणि दादा स्वतः दिग्दर्शक झाले. अशोक सराफ यांना घराघरात नेलं ते याच सिनेमाने. संगीतासाठी दादांनी दोन नवी पोरं घेतली, त्यांना जोडीचं नाव दिलं राम-लक्ष्मण. वर्षभरात त्यातले राम वारले. उरलेले विजय पाटील, मूळचे नागपूरचे, तेच नाव लावत राहिले आणि पुढं ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’ची गाणी त्यांनीच केली.

कामाक्षी पिक्चर्स ही दादांची कंपनी म्हणजे एक कुटुंबच. त्याच उषा चव्हाण, तेच महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर गाण्याला. निर्माता, दिग्दर्शक, हिरो दादाच, आणि पुष्कळ गाणीही त्यांच्याच हातची. पैसा आपला, नफा-तोटा आपला. ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’. सिनेमा आला की पंचवीस आठवडे ठरलेले. असे नऊ सिनेमे झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

शहरात थेटरातून उतरलेली रिळं मग जत्रेतल्या तंबूत यायची. पुसेगाव, पालीसारख्या यात्रांत रात्री दादांचा खेळ लागला की उसाच्या फडावरचा गडीसुद्धा पैसे राखून ठेवायचा.

द्वयर्थी संवादांवरून सेन्सॉर बोर्डाशी त्यांचं कायम वाजलं. शहाण्यासुरत्या मंडळींनी नाकं मुरडली. दादांचं डोकं असं, की वाक्य सरळच असतं, वाकडा अर्थ ऐकणारा काढतो. तमाशातली बतावणी ऐकत मोठा झालेल्या माणसाला यात नवल नव्हतं. मात्र शेवटच्या काळातल्या ‘पळवा पळवी’, ‘येऊ का घरात’ या सिनेमांत ‘सोंगाड्या’तला निरागसपणा राहिला नव्हता, हे त्यांच्या चाहत्यांनाही कबूल करावं लागेल. विनोद तोच, वय वाढलेलं, आणि घरोघरी टीव्ही आलेला. १९८४ पासून ‘तेरे मेरे बीच में’ वगैरे हिंदी सिनेमेही काढले, पण तिकडं मराठीचा दबदबा बसला नाही.

लाखोंना हसवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा संसार टिकला नाही. घरी परतलं की माणूस एकटाच. त्यांच्या आयुष्यावरचं अनिता पाध्ये यांनी शब्दांत उतरवलेलं पुस्तक निघालं, त्याचं नावही ‘एकटा जीव’.

१४ मार्च १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने दादा गेले. वय पासष्ट. मागं राहिलेल्या मिळकतीवरून आणि मृत्युपत्रावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. तंबू टॉकीजही हळूहळू यात्रांतून उठले. नाम्या मात्र आता मोबाईलवर सापडतो, तीच नाडी लोंबवत.