विश्लेषण : विमा गहाण ठेवून कॅमेरा! दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाचा धंदा कसा उभा केला?

आज खिशातल्या मोबाइलवर चित्रीकरण होते आणि संकलनही तिथेच होते. तरी व्हिडिओच्या क्षेत्रात उतरतो म्हणणाऱ्याला घरचे पहिला प्रश्न विचारतात तो पोटापाण्याचा. १९१२ साली दादरला राहणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. वय चाळिशीपार, छापखान्याचा जम बसलेला धंदा सुटलेला, पदरी मुलेबाळे. आणि हा गृहस्थ हलती चित्रे काढायची म्हणत होता.

चाळिशीपर्यंत त्यांनी काय केले?

जवळपास सगळेच. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. फाळके आधी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्रा येथे फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून छपाईचा व्यवसाय, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीची वारी आणि शेवटी भागीदारांशी मतभेद. मध्येच जादूचे प्रयोगही केले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे धरसोडीचे वाटेल. पण फोटोग्राफी, रसायने, छपाई, रंगकाम, हातचलाखी यांतले एकही पुढे वाया गेले नाही. पडद्यावरचे त्यांचे चमत्कार याच शिदोरीवर उभे राहिले.

पैसा आणला कुठून?

ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट मुंबईत पाहिल्यावर आपल्या देवादिकांची चित्रे अशीच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. मिळेल तो चित्रपट पाहायचा, रात्री घरी प्रयोग करायचे. ताणाने डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले; डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली.

मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. काम डोळ्यांखालून घालून, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला कडेची भोके पाडण्याचे यंत्र पसंत करून ते दोनेक महिन्यांत परतले.

यंत्रे आली, पण चित्रपटाला पैसा नव्हता. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची थोडी थोडी चित्रे टिपली. पडद्यावर मिनिटभरात रोप वर येताना दिसले. आज याला टाइम लॅप्स म्हणतात आणि काम मिळवण्यासाठी दाखवायच्या नमुन्याला शो-रील. कर्ज देऊ शकणाऱ्यांना त्यांनी हा तुकडा दाखवला आणि कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले.

माणसे कशी मिळाली?

कॅमेऱ्यासाठी त्र्यंबकचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांना हाताशी धरून शिकवले. हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दाबके मिळाले. तारामतीसाठी मात्र बाई मिळेना. अगदी तमासगीर आणि कोठ्यांवरच्या स्त्रियांनीही नकार दिल्याचे सांगतात. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तयार झाले. तिथे त्यांना महिन्याला १० रुपये मिळत, फाळके यांनी १५ देऊ केले. रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा, भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हणण्याची लाज वाटू नये म्हणून मंडळींनी बाहेर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगावे, अशी शक्कलही निघाली.

सरस्वतीबाईंचे काम काय होते?

श्रेयनामावलीत सहसा न दिसणारे सगळे. कच्च्या फिल्मला भोके पाडून मिळत नसत. ते काम अंधारात करावे लागे आणि ते सरस्वतीबाई करत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणे, हेही त्यांच्याकडे. शिवाय साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक. फाळके यांच्या कंपनीची दुसरी भागीदार खरे तर घरातच होती, फक्त बिनपगारी.

सुमारे सात महिन्यांच्या खटाटोपानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. (त्याआधी, १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ याच ठिकाणी दाखवला गेला होता, पण ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण मानले जाते.)

यश मिळाले, मग पैसा का टिकला नाही?

एका चित्रपटाची कमाई पुढच्या चित्रपटात जाई. फाळके यांनी मुक्काम नाशिकला हलवला, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ काढले, १९१४ मध्ये पुन्हा लंडनला जाऊन आपले काम दाखवले. तिथे राहून काम करण्याची संधी त्यांनी नाकारली. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले, कच्ची फिल्म दुर्मीळ झाली आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. १९१७ च्या ‘लंका दहन’ने पुन्हा भरभरून दिले. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते.

भागीदारांशी का फाटले?

१९१८ मध्ये धनिक भागीदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि मुलगी मंदाकिनी हिच्या भूमिकेचा ‘कालिया मर्दन’ गाजले. पण फाळके यांना मनासारखे होईपर्यंत चित्रीकरण करायचे असे, तर भागीदारांना खर्चाला आणि वेळेला मर्यादा हवी होती. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले. काही वर्षांनी परतले ते त्याच कंपनीत. निर्मितीचे काम हाती आले, पण पूर्वीचा अधिकार पुन्हा कधी मिळाला नाही.

बोलपट आल्यावर?

‘सेतुबंधन’ पैशाअभावी रखडला. तो १९३२ मध्ये पुरा झाला तेव्हा ‘आलम आरा’ला वर्ष उलटले होते, मूकपटाला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो २५ वर्षांनी, १९६९ मध्ये.