बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथूजी चौधरी (१८८० – ३ डिसेंबर १९५१) या खानदेशातील शेतकरी कवयित्री होत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी या नावाने प्रसिद्ध झाली. शेती, माहेर-सासर, सणवार आणि माणसाचे मन हे त्यांच्या रचनांचे मुख्य विषय आहेत. नागपंचमी आणि नागपूजा यांविषयीची खानदेशी शेतकऱ्याची श्रद्धाही त्यांच्या एका गाण्यात जिवंतपणे उतरली आहे.

जन्म आणि बालपण

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. तो दिवस नागपंचमीचा होता, असे सांगितले जाते. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. घरात तीन भाऊ व तीन बहिणी होत्या. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. जात्यावरच्या ओव्या, कीर्तने, व्रतांच्या कहाण्या आणि थोरांच्या तोंडून ऐकलेल्या रामायण-महाभारतातील कथा हेच त्यांचे शिक्षण होते. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, विहिरीवरची मोट, कापूस आणि ज्वारीची शेते हा त्यांच्या अनुभवाचा परिसर होता.

विवाह आणि संसार

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावचे नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. त्यांना ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे व काशी ही मुलगी झाली. तिशीच्या सुमारास बहिणाबाईंना वैधव्य आले. त्यानंतर मुलांचे संगोपन आणि शेतीभाती यांचा भार त्यांच्यावर पडला. प्लेगच्या साथीत थोरल्या ओंकार यांना कायमचे अपंगत्व आले. या दुःखाचे पडसाद त्यांच्या गाण्यांत उमटले आहेत, परंतु त्यांचा सूर तक्रारीचा नाही. नशिबाचा हिशेब मांडून पुन्हा कामाला लागणारी स्त्री त्या गाण्यांतून दिसते.

खानदेशातील नागपूजा

श्रावण शुद्ध पंचमीला महाराष्ट्रात नागपंचमी साजरी होते. या दिवशी भिंतीवर किंवा पाटावर नागाचे चित्र काढून, अथवा मातीच्या नागाची प्रतिमा मांडून, तिला हळदकुंकू, दूध आणि लाह्या वाहतात. काही ठिकाणी शेतातील वारुळाचीही पूजा होते. शेत नांगरणे, जमीन खणणे, चिरणे, कापणे, तळणे ही कामे त्या दिवशी वर्ज्य मानली जातात. यामागे शेतकऱ्याची कहाणी आहे. नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मारली गेली. सूड म्हणून तिने शेतकऱ्याच्या कुटुंबाला दंश केला. सासरी असलेली त्याची मुलगी मात्र नागाची पूजा करताना आढळली. तिच्या भक्तीने संतुष्ट होऊन नागिणीने सर्वांना पुन्हा जिवंत केले, असे कहाणी सांगते.

पौराणिक परंपरेत विष्णूची शय्या असलेला शेष, शंकराच्या गळ्यातील वासुकी, परीक्षित राजाला दंश करणारा तक्षक आणि कृष्णाने दमन केलेला कालिया हे नाग प्रसिद्ध आहेत. परीक्षिताचा पुत्र जनमेजय याने आरंभलेले सर्पसत्र आस्तिक ऋषीने थांबवले, ही महाभारतातील कथाही नागपूजेशी जोडली जाते. जळगाव आणि धुळे परिसरात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाईचा उत्सव येतो. त्यामुळे श्रावणातील हे दिवस खानदेशी स्त्रियांच्या व्रतजीवनात विशेष महत्त्वाचे ठरतात.

नागाचे गाणे

बहिणाबाईंच्या एका गाण्यात या श्रद्धेला प्रत्यक्ष प्रसंगाचे रूप मिळाले आहे. एक आई तान्ह्या मुलाला हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, निजवून मळ्यात नेते. हारा आंब्याखाली ठेवून ती उसाला पाणी देऊ लागते. इतक्यात आंब्याखाली नाग आल्याची हाकाटी होते. धावत आलेल्या आईला दिसते ते असे, की हारा उपडा झाला आहे आणि फणा उभारलेल्या नागासमोर मूल खेळत आहे. गाण्यातील मुलाचे नाव सोपान आहे. कवयित्रीच्या धाकट्या मुलाचेही नाव तेच.

आई नागाला हात जोडून शंकराची शपथ घालते आणि बाळकृष्णाला पावा वाजवण्याची विनवणी करते. तेवढ्यात नाल्याकडून एका गुराख्याच्या पाव्याचा सूर येतो आणि नाग त्या दिशेने निघून जातो. आई मुलाला उचलून घेते आणि नागोबाने मुलाला इजा केली नाही म्हणून येत्या नागपंचमीला दुधाची वाटी आणण्याचे कबूल करते.

पुराणांतील शंकर आणि कृष्ण येथे शेताच्या बांधावर उतरले आहेत, मात्र प्रत्यक्ष सुटका होते ती एका सामान्य गुराख्याच्या पाव्याने. या पूजेत पुरोहित नाही, मंत्र नाही आणि मूर्तीही नाही. जी जमीन शेतकरी कसतो तीच नागाचे घर असते. म्हणून भीती आणि आपुलकी या दोन्ही भावना गाण्यात एकत्र नांदतात. नागपंचमीचे दूध हे वाचलेल्या मुलाबद्दलचे कृतज्ञतेचे देणे ठरते. मनावरील प्रसिद्ध रचनेतही बहिणाबाईंनी सापाचा दाखला दिला आहे. साप-विंचवाच्या विषावर उतारा असतो, मनाच्या विषाला मात्र तो नाही, असा त्या दाखल्याचा आशय आहे.

गाण्यांचे जतन आणि प्रकाशन

बहिणाबाई गाणी रचत आणि गात, परंतु ती लिहून ठेवणे त्यांना शक्य नव्हते. त्यामुळे अनेक रचना हवेत विरून गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून घेतलेली गाणीच शिल्लक राहिली. सोपानदेव चौधरी (१९०७–१९८२) पुढे स्वतः कवी म्हणून नावाजले. बहिणाबाईंच्या निधनानंतर त्यांनी ते हस्तलिखित आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांना दाखवले. अत्रे यांनी या गाण्यांचे मोल ओळखून ती प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला आणि संग्रहाला प्रस्तावना लिहिली. ज्या कवयित्रीचे नाव तिच्या हयातीत जळगावच्या परिसराबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते, ती अल्पावधीत महाराष्ट्रभर परिचित झाली.

भाषा आणि वारसा

बहिणाबाईंची भाषा जळगाव परिसरातील लेवा गणबोलीची आहे. धुळ्याकडील अहिराणीशी तिचे जवळचे नाते असल्याने त्यांची गाणी अनेकदा अहिराणी म्हणूनही ओळखली जातात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांच्या रचनांचा समावेश झाला. मानिनी (१९६१) या मराठी चित्रपटातील गीतांमुळे त्या घरोघरी पोहोचल्या. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीच्या नावाने आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील विद्यार्थी पदवी घेतात.