दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : देवळाली, १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणारे मराठी गणिती होते. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावावरून 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

जीवन

कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी पुढील औपचारिक शिक्षण घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिक येथे शालेय शिक्षक होते. संशोधन चालले ते ही नोकरी सांभाळून.

संख्यांचा अभ्यास

मुंबईजवळील डेमलो (आजचे डोंबिवली) या रेल्वे स्थानकावर सुचलेल्या कल्पनेवरून त्यांनी एका संख्यासमूहाला 'डेमलो संख्या' हे नाव दिले. अशा संख्येच्या डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली, की मधल्या भागातील अंकच पुन्हा पुन्हा मिळतो. १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हे याचे देखणे उदाहरण होय. मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज केल्यास ९९९९९९९९ मिळतात. या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला नि:शेष भागही जातो. म्हणून ती कापरेकरांनीच नाव दिलेल्या 'हर्षद' संख्यांमध्येही मोडते.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर सातही पायऱ्या लागतात : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पाटी-पेन्सिलीने पडताळता येणारा असा शोध शाळेच्या वर्गात विशेष शोभतो.

'स्वयंभू' किंवा देवळाली संख्याही त्यांच्याच. १५ मध्ये तिचे अंक मिळवले की २१ होतात, म्हणजे २१ ची जननी १५. २० ला मात्र अशी जननी नाही, म्हणून ती स्वयंभू.

उपेक्षा व मान्यता

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या शिक्षकाचे हे काम भारतातील अनेक गणितज्ञांनी गंभीरपणे घेतले नाही. वस्तुत: ज्याला करमणूक म्हणून बाजूला सारले गेले, त्यातील प्रश्नांवर पुढे जगभर लिहिले गेले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने साधी राहणी असूनही त्यांना शिकवण्या कराव्या लागत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणित सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव परदेशांतील वाचकांपर्यंत पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि देवळालीतच राहत होते.