लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें चरित्र

आपल्या बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दरवर्षीं दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठीं सांगली-कोल्हापुराकडे जातात. त्याच मुलखांत, पलूस तालुक्यांत, किर्लोस्करवाडी हें गांव आहे. तें वसविणाऱ्या उद्योगी गृहस्थाचें चरित्र आपल्या मंडळ्यांस ठाऊक असावें, म्हणून येथें थोडक्यांत देतों.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें ता. २० जून १८६९ रोजीं झाला. चित्रकलेच्या आवडीनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंग ओळखतां येत नसत, म्हणून ती विद्या सोडावी लागली. यंत्रांच्या रेखाचित्रांस रंग लागत नाहींत, हें पाहून ते त्या विषयाकडे वळले, आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शाळेंत तो शिकवूं लागले. नंतर नोकरी सोडून वडील बंधु रामुअण्णा यांच्यासह बेळगांवीं त्यांनीं सायकलींचा धंदा केला, व मग कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला.

लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या काळीं शेतकऱ्यांची समजूत होती. सुमारें दोन वर्षें नांगरास गिऱ्हाईक मिळालें नाहीं. तरी लक्ष्मणरावांनीं धीर सोडला नाहीं. इतक्यांत बेळगांवची जागाही सोडावी लागली. तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या माळावर निवडुंग माजला होता व सापांचा सुळसुळाट होता. सन १९१० मध्यें सुमारें पंचवीस कामगार व त्यांचीं कुटुंबें तेथें राहावयास गेलीं. पत्नी राधाबाई व मुलेंबाळें यांसह लक्ष्मणरावही त्यांच्यांतच राहिले. पुढें त्यांनीं आपले चिरंजीव शंतनुराव यांस इंजिनियरीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस पाठविलें.

पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेना. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या, व त्या वितळवून नांगर करण्यांत आले. यशया संदेष्ट्याचें पुस्तक वाचणाऱ्यांस यावर अधिक सांगणें नको.

परंतु या चरित्रांतील आपल्या विशेष उपयोगाची गोष्ट निराळीच आहे. सरकारनें जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींत रामोशांची गणना होत असे. शिक्षा भोगून आलेल्या रामोशांस लक्ष्मणरावांनीं आपल्या वसाहतीचे रखवालदार नेमिलें. गांवानें ज्यांस चोर म्हटलें, त्यांच्याच हातीं रात्रीची राखण आली. आपल्या वसाहतींत त्यांनीं अस्पृश्यताही पाळूं दिली नाहीं. ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

लक्ष्मणराव ख्रिस्ती नव्हते. उद्योगानें तारण मिळत नाहीं, तें केवळ कृपेनें मिळतें, हें आपण शिकवितों व तें खरें आहे. परंतु बांधणाऱ्यांनीं नापसंत केलेला धोंडा देवानें कोठें बसविला हें आपण जाणतों, आणि आपल्यांपैकीं पुष्कळांचे वाडवडील वेशीबाहेर राहात होते. असें असून आपल्या गांवाच्या कडेला पाल ठोकून राहाणाऱ्या पारध्यास आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों? त्याच्या मुलास आपल्या रविवारच्या शाळेंत जागा आहे काय? मंडळीच्या शेताची राखण त्याच्या हातीं देण्यास आपण तयार आहों काय?

उपदेशक बंधूंनीं येत्या उपासनेनंतर हा प्रश्न वडीलजनांपुढें ठेवावा, आणि उत्तर तोंडानें देण्यापूर्वीं एखाद्या पालापर्यंत चालत जावें. सुतारशाळेंत श्रम करणारा आपला प्रभु आपणांस तसें करण्याचें धैर्य देवो.